जादा प्रत टिकते कशी : जनुकांची द्विरावृत्ती आणि पृष्ठवंशीयांचा जनुकसंच

सजीवाच्या जनुकसंचात, म्हणजे त्याच्या पेशीत साठवलेल्या एकूण डीएनएमध्ये, एखाद्या जनुकाची जादा प्रत निघणे ही नेहमीची घटना आहे. मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी २००० साली निरनिराळ्या सजीवांच्या डीएनए-क्रमांवरून जो अंदाज बांधला, त्यानुसार शंभर जनुकांमागे सरासरीने दर दहा लाख वर्षांत एका जनुकाची प्रत निघून ती त्या जातीत स्थिरावते. त्याच अभ्यासातून अशा नव्या प्रतीचे अर्धायुष्य जेमतेम ४० लाख वर्षांच्या आसपास निघाले, म्हणजे तेवढ्या अवधीत निम्म्या प्रती बिघडून निकामी होतात किंवा नाहीशा होतात. असे असूनही माणसाच्या सुमारे २०,००० प्रथिनकारक जनुकांपैकी मोठा हिस्सा पन्नास कोटी वर्षांमागे निघालेल्या प्रतींचा वारसा सांगतो. बहुतेक प्रती इतक्या लवकर मरतात, तर या प्रती एवढा काळ कशा तगल्या आणि त्यांच्या तगण्याने मासे, बेडूक, पक्षी व सस्तन प्राणी यांचा जनुकसंच कसा घडला, हा उत्क्रांतीशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्यावरील संशोधन एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : प्रत ज्या कारणाने टिकते ते कारण आणि ती पुढे जे नवे काम करते ते काम या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि बहुधा टिकणे आधी घडते, नावीन्य मागाहून येते.

प्रत निघण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या वेळी सारख्या दिसणाऱ्या क्रमांमुळे जुळणी थोडी जरी सरकली, तरी एका गुणसूत्रावर तेच जनुक दोनदा येते आणि दुसऱ्यावरून ते गायब होते. फळमाशीचा डोळा पट्टीसारखा अरुंद करणाऱ्या ‘बार’ या गुणाचा मागोवा घेताना आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२५ साली ही विषम अदलाबदल ओळखली, आणि १९३६ साली कॅल्विन ब्रिजेस यांनी माशीच्या लाळग्रंथींतील अवाढव्य गुणसूत्रांवर त्या जागचे पट्टे खरोखरच दुहेरी झालेले दाखवले. दुसऱ्या मार्गात जनुकाचा आरएनए पुन्हा डीएनएमध्ये उतरवला जाऊन भलत्याच ठिकाणी जडवला जातो. अशी प्रत आपला नियामक भाग, म्हणजे जनुक कुठे, केव्हा व किती चालावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा, मागे सोडून आलेली असल्यामुळे बहुधा जन्मतःच मुकी असते. तरीही हत्तीमध्ये कर्करोगाला आवर घालणाऱ्या ‘टीपी५३’ या जनुकाच्या ज्या सुमारे वीस प्रती २०१५ साली उजेडात आल्या, त्यांतील एक सोडून बाकी साऱ्या याच मार्गाने आलेल्या आहेत. तिसरा मार्ग सर्वांत मोठा : पेशीविभाजनातील चुकीने किंवा दोन जातींच्या संकरातून सगळ्या गुणसूत्रांचा अख्खा संचच दुप्पट होणे.

पहिल्या मार्गाचे उदाहरण माणसाच्या डोळ्यातच आहे. लाल आणि हिरवा या रंगांना प्रतिसाद देणारी दोन दृष्टिप्रथिने एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ एकापाठोपाठ बसलेल्या जनुकांपासून तयार होतात. ही दोन जनुके इतकी सारखी आहेत की त्यांच्या प्रथिनांतील रंगसंवेदनेचा बहुतेक फरक तीन जागच्या अमिनो आम्लांवर येऊन ठेपतो. आफ्रिका-आशियातील माकडे आणि वानर यांच्या सामाईक पूर्वजात, तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी, एका जनुकाची दोन झाली आणि पिकलेले फळ हिरव्या पानांतून वेगळे ओळखू येऊ लागले. दक्षिण अमेरिकेतील हाउलर माकडांत हीच द्विरावृत्ती स्वतंत्रपणे पुन्हा एकदा घडली. मात्र ज्या साधर्म्यामुळे प्रत निघाली, त्याच साधर्म्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीत जुळणी सरकण्याचा धोका कायम राहतो. त्यातून हिरवे जनुक गळून पडते किंवा दोन्हींचे मिश्रण होते, आणि एकच एक्स गुणसूत्र असलेल्या पुरुषांत लाल-हिरव्या रंगांचे आंधळेपण उद्भवते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आहे.

जादा प्रतीतून नवे काम निघू शकेल, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन आणि हर्मन मलर यांनी १९३० च्या दशकातच मांडला होता. परंतु या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले ते कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेत काम करणाऱ्या सुसुमू ओनो यांनी, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्होल्यूशन बाय जीन डुप्लिकेशन’ या ग्रंथात. त्यांचा युक्तिवाद असा होता की नैसर्गिक निवड ही स्वभावतः राखणदार आहे. चालू असलेल्या जनुकात बदल झाला की ती बहुधा त्याला बाद करते आणि म्हणून एकट्या जनुकाला नवी वाट धरता येत नाही. प्रत निघाली की मूळ जनुक जुने काम सांभाळते आणि दुसरी प्रत राखणदाराच्या नजरेबाहेर जाऊन मोकळेपणाने बदलू शकते. पृष्ठवंशीय प्राण्यांच्या उदयाच्या सुमारास अख्ख्या जनुकसंचाची द्विरावृत्ती झाली असावी, असाही तर्क ओनोंनी केला होता, तोही डीएनएचे वाचन प्रत्यक्षात येण्याआधी, मुख्यतः पेशीतील डीएनएचे प्रमाण आणि गुणसूत्रांची संख्या यांच्या आधारावर.

ओनोंच्या मांडणीत एक अडचण होती व ती त्यांनाही ठाऊक होती. राखणदाराच्या नजरेबाहेर गेलेल्या प्रतीत होणारे बदल आंधळे असतात. जनुक बिघडवणारे बदल असंख्य आणि त्याला उपयुक्त नवे काम देणारे बदल अगदी विरळ, म्हणून नवे काम हाती येण्याआधीच बहुतेक प्रती छद्मजनुके, म्हणजे नावापुरती उरलेली निकामी जनुके, होऊन जायला हव्यात. हिशेब असा मांडला तर टिकलेल्या प्रतींची संख्या नगण्य असावी. प्रत्यक्षात मात्र संपूर्ण जनुकसंचाच्या द्विरावृत्तीनंतर टिकलेल्या प्रतींचे प्रमाण या हिशेबाहून कितीतरी जास्त आढळते. पुढच्या सगळ्या संशोधनाची धाव या तफावतीचे उत्तर शोधण्याकडे राहिली आहे.

संपूर्ण द्विरावृत्तीचा पुरावा हळूहळू जमा झाला. समुद्राच्या वाळूत राहणारा ॲम्फिऑक्सस हा बोटभर लांबीचा, कणा नसलेला प्राणी पृष्ठवंशीयांचा दूरचा भाऊबंद आहे. शरीराच्या लांबीवर कोणता अवयव कुठे घडावा हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचा त्याच्यात एकच समूह असतो, असे जोर्दी गार्सिया-फर्नांडेझ आणि पीटर हॉलंड यांनी १९९४ साली दाखवले. उंदरात व माणसात असे चार समूह चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत आणि त्यांत मिळून ३९ जनुके आहेत. एकाचे चार होण्यासाठी दोनदा दुप्पट व्हावे लागते. तरी अनेकांना शंका होती, कारण जनुकांच्या वंशवेली स्वतंत्रपणे काढल्या तर त्या दोन स्पष्ट फेऱ्यांकडे बोट दाखवत नव्हत्या. परमवीर देहल आणि जेफ्री बूर यांनी २००५ साली वंशवेलीऐवजी जागांचा नकाशा पाहिला, तेव्हा माणसाच्या गुणसूत्रांचे मोठमोठे पट्टे चार-चारच्या गटांत एकमेकांशी जुळत असल्याचे दिसले. २००८ साली ॲम्फिऑक्ससचा संपूर्ण डीएनए वाचून झाला आणि प्राचीन पूर्वजातील सतरा गुणसूत्रसदृश गटांपैकी प्रत्येकाचे तुकडे पृष्ठवंशीयांत चौपट रूपाने ओळखता आले.

अलीकडच्या वर्षांत या चित्रात बारकावे भरले आहेत. लॅम्प्री आणि हॅगफिश हे जबडा नसलेले मासे पृष्ठवंशीयांच्या वंशवृक्षाची सर्वांत जुनी जिवंत फांदी आहेत. हॅगफिशचा जनुकसंच २०२४ साली तपशिलाने प्रसिद्ध झाल्यावर पहिली द्विरावृत्ती सर्व पृष्ठवंशीयांच्या सामाईक पूर्वजात, दुसरी केवळ जबडा असलेल्या प्राण्यांच्या वंशात, आणि जबडा नसलेल्या माशांत मात्र त्यांची स्वतःची वेगळी तिप्पट वाढ झाली, असा क्रम पुढे आला. लॅम्प्रीत हॉक्सचे सहा समूह का सापडतात, याचे कोडे त्याने उलगडले. जबडा असलेल्यांच्या दुसऱ्या फेरीत दोन भिन्न जातींचा संकर झाला असावा, असेही गुणसूत्रांच्या तुलनेतून दिसते, कारण एका बाजूच्या प्रती दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे अधिक गळाल्या आहेत.

त्यानंतरही दुप्पट होण्याचे प्रसंग थांबले नाहीत. आजच्या बहुसंख्य माशांचा समावेश असलेल्या प्रगत अस्थिमत्स्यांच्या पूर्वजात सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी तिसरी फेरी झाली. सालमन आणि ट्राउट यांच्या कुळात आठ ते दहा कोटी वर्षांपूर्वी चौथी. प्रयोगशाळांतून सर्वत्र वापरला जाणारा आफ्रिकी नखधारी बेडूक, झेनोपस लिव्हिस, हा सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी दोन जातींच्या संकरातून निपजला. महाराष्ट्रातल्या तळ्यांत मत्स्यशेतकरी कटला, रोहू आणि मृगळ यांच्याबरोबर जो सायप्रिनस सोडतात, तोही असाच आहे. रोहूच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात आणि सायप्रिनसच्या पेशीत १००. एकाच तळ्यात, एकाच खाद्यावर वाढणारे हे दोन मासे एकाच कुळातले, पण त्यांतल्या एकाच्या पूर्वजांत दोन जातींचे संच एकत्र आले आणि तिथेच राहिले.

दुप्पट झालेला जनुकसंच पुढे मोठ्या प्रमाणावर गळतो. दोन फेऱ्यांनी जनुके चौपट व्हायला हवी होती, पण माणसाच्या आणि ॲम्फिऑक्ससच्या जनुकांची एकूण संख्या जवळपास सारखीच आहे, त्यावरून गळतीचा अंदाज येतो. मग उरलेल्या प्रती कोणत्या आणि त्याच का? या प्रश्नाला ॲलन फोर्स, मायकेल लिंच, जॉन पोस्टलथ्वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दिलेले उत्तर अनपेक्षित होते. त्यांच्या मते प्रत टिकण्यासाठी तिला काही नवे मिळण्याची गरज नाही. दोन्ही प्रतींनी वेगवेगळे काहीतरी गमावले तरी पुरते. एका जनुकाला सहसा अनेक नियामक भाग असतात : एक त्याला पाठीच्या कण्याजवळ चालवतो, दुसरा पायाच्या कोंभात, तिसरा मेंदूत. पहिल्या प्रतीचा पायाचा नियामक बिघडला आणि दुसरीचा मेंदूचा, तर यापुढे दोन्ही प्रती मिळूनच मूळ जनुकाचे पूर्ण काम करू शकतात आणि कोणतीही एक गळाली की प्राण्याला इजा होते. सामाईक शेतीची खातेफोड होऊन विहीर एका भावाकडे व खळे दुसऱ्याकडे जावे आणि पुढे दोघांनाही एकमेकांवाचून हंगाम काढता येऊ नये, तशी ही स्थिती आहे. या प्रक्रियेला कार्यविभागणी म्हणता येईल. झेब्राफिश या लहान माशात याचे उदाहरण लगेच सापडले : उंदीर व कोंबडी यांच्यात ‘एनग्रेल्ड-१’ हे एकच जनुक अवयवांच्या कोंभात आणि मज्जारज्जूतील चेतापेशींत काम करते, तर झेब्राफिशच्या दोन प्रतींपैकी एक वक्षपराच्या कोंभात चालते आणि दुसरी चेतापेशींत.

हा विचार नुसता नमुन्यांच्या तुलनेवर उभा राहिला असता, तर त्याला ‘पटण्याजोगे स्पष्टीकरण’ यापलीकडे मान मिळाला नसता. पण पेट्र त्व्रदिक आणि मारिओ कॅपेकी यांनी २००६ साली उंदरात जो प्रयोग केला, त्याने कार्यविभागणी उलटी फिरवून दाखवली. ‘हॉक्सए१’ आणि ‘हॉक्सबी१’ ही दोन जनुके एकाच प्राचीन जनुकाच्या प्रती आहेत. गर्भाच्या पश्चमेंदूत ‘हॉक्सए१’ थोडा वेळ चालून बंद होते, तर ‘हॉक्सबी१’ स्वतःलाच चालू ठेवणाऱ्या एका नियामकाच्या बळावर पुढेही चालत राहते आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी चेता घडवते; म्हणून ‘हॉक्सबी१’ नसलेल्या उंदराचा चेहरा लुळा पडतो. त्व्रदिक आणि कॅपेकी यांनी ‘हॉक्सबी१’चा तो जेमतेम शंभरेक अक्षरांचा नियामक उचलून ‘हॉक्सए१’च्या शेजारी बसवला. त्यानंतर ‘हॉक्सबी१’ काढून टाकले तरी चेहऱ्याची चेता घडू लागली, कारण दुरुस्त केलेले ‘हॉक्सए१’ आता दोन्हींचे काम करू लागले होते. पन्नास कोटी वर्षांपूर्वी वाटले गेलेले काम एका तुकड्याने पुन्हा एका जनुकात आणता आले, यावरून त्या दोन प्रतींची प्रथिने जवळपास सारखीच राहिली होती आणि त्यांना वेगळे ठेवले होते ते गमावलेल्या नियामकाने, हे निर्विवाद ठरले. त्याच प्रयोगशाळेत २००० साली ‘हॉक्सए३’ आणि ‘हॉक्सडी३’ यांची प्रथिने एकमेकांच्या जागी चालतात हेही सिद्ध झाले होते; तिथेही महत्त्व प्रथिनाच्या जातीपेक्षा त्याच्या प्रमाणाला निघाले.

प्रमाणाचा हा मुद्दा टिकण्याच्या दुसऱ्या कारणाकडे घेऊन जातो. पेशीतील अनेक प्रथिने एकटी काम करत नाहीत. ती ठरावीक प्रमाणात एकत्र येऊन यंत्रासारखी जुळतात, किंवा संदेशवहनाच्या साखळीत एकापुढे एक उभी असतात. अशा एकाच प्रथिनाचे प्रमाण वाढले किंवा घटले तर संपूर्ण जोडणी बिघडते. सुट्या जनुकाची प्रत निघाली की हे संतुलन ढळते, म्हणून अशा जनुकांच्या सुट्या प्रती निवड बाद करते. पण अख्खा जनुकसंच एकदम दुप्पट झाला तर सगळ्या भागीदारांचे प्रमाण सारखेच वाढते आणि संतुलन राहते. त्यानंतर एखादी प्रत गळाली तर आता ते गळणेच संतुलन बिघडवते. म्हणजे ज्या जनुकाची सुटी प्रत टिकू शकत नाही, त्याचीच संपूर्ण द्विरावृत्तीतील प्रत गळू शकत नाही. या मात्रा-संतुलनाच्या कल्पनेला बालाझ पॅप, चाबा पाल आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी २००३ साली यीस्टच्या आधारे बळकटी दिली. पृष्ठवंशीयांतही नेमका असाच नमुना दिसतो : संपूर्ण द्विरावृत्तीनंतर राहिलेली जनुके बहुतांशी संदेशवहनाची, इतर जनुकांना चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची आणि मज्जासंस्थेची आहेत, उलट गंधग्राही जनुकांसारख्या कुटुंबांत मात्र सुट्या प्रतींची ये-जा अखंड चाललेली असते. माणसात चालू असलेली गंधग्राही जनुके सुमारे ४०० आहेत आणि जवळपास तितकीच निकामी होऊन पडलेली आहेत, तर आफ्रिकी हत्तीत चालू जनुकांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे.

संपूर्ण द्विरावृत्तीतून राहिलेल्या अशा प्रतींना केन वुल्फ यांनी ओनोंच्या सन्मानार्थ ‘ओनोलॉग’ हे नाव दिले. ताकाशी माकिनो आणि ईफा मॅकलायसाट यांनी २०१० साली माणसातील ओनोलॉग तपासले, तेव्हा त्यांच्या सुट्या प्रती पुढील उत्क्रांतीत क्वचितच निघाल्याचे आणि निरोगी माणसांमध्येही त्यांची संख्या कमी-जास्त सहसा नसल्याचे दिसले; रोगांशी जोडल्या गेलेल्या जनुकांत मात्र त्यांचे प्रमाण लक्षणीय होते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत येते, आणि त्या अवस्थेच्या लक्षणांसाठी संशयित ठरवलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्के ओनोलॉग निघाली. या निष्कर्षाचे मोल केवळ वैद्यकापुरते नाही. ज्या जनुकांवर पृष्ठवंशीयांचे गुंतागुंतीचे शरीर उभे आहे, तीच सर्वांत नाजूक आहेत, कारण ती राखली गेली ती त्यांच्या प्रमाणाशी खेळ चालत नाही म्हणून. एखादी प्रत पन्नास कोटी वर्षे टिकली म्हणजे ती श्रेष्ठ ठरली, हा समज अनेक सुबोध पुस्तकांत आढळतो. तो सोडून द्यायला हवा. पुष्कळदा ती प्रत टिकली कारण तिला सोडणे परवडले नाही.

ताज्या प्रतींच्या बाबतीतही याच्याशी मिळते-जुळते चित्र दिसते. शून लॅन आणि जोनाथन प्रिचर्ड यांनी २०१६ साली माणूस व उंदीर यांच्यातील जनुकजोड्यांची तुलना केली, तेव्हा तरुण जोड्यांत कामाची वाटणी किंवा नवे काम क्वचितच दिसले. बहुधा दोन्ही प्रतींनी आपापले उत्पादन घटवलेले होते आणि दोघींची बेरीज मूळच्या एका जनुकाइतकी भरत होती. अशा अवस्थेत एकीला काढून टाकले तर माल अपुरा पडतो, म्हणून दोघीही राहतात. एकमेकींना बांधून घेतलेल्या या अवस्थेत लाखो वर्षे निघून जातात, आणि तेवढ्या अवकाशात नवे काम सापडण्याची शक्यता खरोखर निर्माण होते. ओनोंच्या सिद्धान्तातील कमकुवत दुवा, म्हणजे नावीन्य येईपर्यंत प्रत जिवंत कशी राहते हा प्रश्न, या निष्कर्षांनी बऱ्याच अंशी सुटतो.

नवे काम प्रत्यक्ष कसे हाती येते, याची सर्वांत सुरेख तपासणी जोसेफ थॉर्नटन यांच्या गटाने केली. शरीरातील ताण व साखर यांच्याशी संबंधित कॉर्टिसॉल आणि क्षारांचे नियमन करणारे ॲल्डोस्टेरॉन या दोन संप्रेरकांना ओळखणारी दोन ग्राही प्रथिने ४५ कोटी वर्षांहून आधी एका जनुकाची दोन होऊन निघाली. आजच्या अनेक प्राण्यांतील क्रमांवरून त्या पूर्वज प्रथिनाचा क्रम गणिताने काढून, ते प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार करून २००६ साली तपासले गेले, तेव्हा ते ॲल्डोस्टेरॉनलाही प्रतिसाद देत असल्याचे आढळले, जरी हे संप्रेरक तोवर अस्तित्वातच आले नव्हते. म्हणजे क्षमता आधीपासून होती. नंतर कॉर्टिसॉलच्या ग्राहीत मुख्यतः दोन अमिनो आम्ले बदलली, तिने ॲल्डोस्टेरॉनला प्रतिसाद देणे सोडले आणि दोन संप्रेरकांचे मार्ग वेगळे झाले. या प्रकरणातही नव्या व्यवस्थेचा पाया एका गमावण्याने घातला. अंटार्क्टिक समुद्रातील ईलपाउट माशाची कथा थोडी वेगळी आहे. त्याच्यात सायलिक आम्ल बनवणाऱ्या एका एन्झाइमच्या टोकाला बर्फाच्या कणाला चिकटण्याचा किंचित गुण होता. पण एकाच प्रथिनाला पेशीच्या आत एन्झाइम आणि बाहेर रक्तात गोठणरोधक अशी दोन्ही कामे उत्तम करता येणे शक्य नव्हते. प्रत निघाल्यावर तिने एन्झाइमचा भाग टाकून दिला, पेशीबाहेर जाण्याचा संकेत मिळवला आणि रक्त गोठू न देणारे प्रथिन बनली, हे २०१० साली दाखवले गेले.

द्विरावृत्त जनुकांचा विषय महाराष्ट्राच्या रुग्णालयांत पोचतो तो हिमोग्लोबिनच्या वाटेने. माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावर बीटा कुटुंबातील पाच चालू जनुके एका ओळीत बसलेली आहेत, आणि त्यांचा क्रम जवळजवळ आयुष्याच्या क्रमासारखा आहे : पहिले आरंभीच्या भ्रूणात चालते, मग एकमेकांच्या जुळ्या प्रती असलेली दोन गॅमा जनुके गर्भावस्थेत, आणि शेवटची डेल्टा व बीटा जन्मानंतर. लोरिससारख्या आदिम प्रायमेटांच्या नातलग गॅलॅगोमध्ये गॅमा एकच आहे आणि ते आरंभीच्या भ्रूणातच चालते. माकडे व वानर यांच्या पूर्वजात त्याची दोन झाल्यावर हे काम लांबून गर्भावस्थेपर्यंत सरकले. गॅमाच्या १४३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन आले, त्यामुळे ऑक्सिजन सोडायला लावणाऱ्या एका रेणूची त्याच्यावरील पकड सैल झाली आणि गर्भाचे रक्त आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेऊ लागले. सिकलसेल आजारात बीटा साखळीतील सहाव्या जागचा बदल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवतो; गॅमा साखळी मात्र पेशीला वाकवणाऱ्या हिमोग्लोबिनाच्या दोरखंडात सामील होत नाही. विदर्भातील आणि सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत हा आजार पिढ्यानुपिढ्या सोसला जात आहे. तेथील पुष्कळ रुग्णांत अरब-भारतीय म्हणून ओळखला जाणारा जनुकपट आढळतो व त्यात जन्मानंतरही गर्भीय हिमोग्लोबिनाचे प्रमाण तुलनेने जास्त राहते, म्हणून अनेकांची लक्षणे काहीशी सौम्य असतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः हेच प्रमाण वाढवून उपयोगी पडते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुकसंपादन उपचारात तर, गॅमा जनुकांना जन्मानंतर झोपवणाऱ्या ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा नियामक रुग्णाच्या मूळपेशींत तोडला जातो आणि गर्भावस्थेतल्या प्रती पुन्हा जाग्या होतात. चार कोटी वर्षांपूर्वीच्या द्विरावृत्तीने उत्क्रांतीत मिळालेली जादा प्रत आज रुग्णाला वाचवण्यासाठी वापरली जाते, ही या शास्त्रातील मनाला सर्वांत भिडणारी बाब आहे. तो उपचार गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला परवडण्याजोगा होणे अजून फार दूर आहे.

संपूर्ण द्विरावृत्तीमुळे पृष्ठवंशीय अधिक गुंतागुंतीचे झाले आणि त्यांच्या जाती वाढल्या, हा सरसकट दावा मात्र सावधपणे घ्यावा लागतो. अस्थिमत्स्य आज पृष्ठवंशीयांच्या निम्म्या जातींना व्यापतात, म्हणून तिसऱ्या फेरीला त्या वैविध्याचे श्रेय दिले जाई. परंतु जीवाश्म मोजले असता जातींची भरभराट द्विरावृत्तीनंतर कोट्यवधी वर्षांनी आणि केवळ काही फांद्यांतच दिसते, तर नामशेष झालेल्या फांद्या हिशेबात धरल्या की अचानक उसळी उरतच नाही. अधिक पटणारा दुवा गळतीतून निघतो : विलग झालेल्या दोन समूहांत एका जोडीतील वेगवेगळ्या प्रती गळाल्या, तर त्यांच्या संकराच्या संततीत काहींना एकही चालू प्रत मिळत नाही, आणि दोन समूह हळूहळू दोन जाती होतात. सालमनमध्ये ही गळती अजून चालू आहे. त्याच्या जनुकसंचात सुमारे निम्म्या जोड्या शाबूत आहेत, आणि काही गुणसूत्रांच्या टोकांकडे चार-चार प्रती आजही आपसांत तुकड्यांची देवघेव करतात. आठ कोटी वर्षे उलटूनही त्या भागात दोन वेगळी जनुके अशी काही उभी राहिलेली नाहीत.

या सगळ्या प्रक्रिया माणसाच्या स्वतःच्या, तुलनेने ताज्या इतिहासातही एकत्र दिसतात. २०२२ साली मानवी जनुकसंच पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत वाचला गेला, तेव्हा त्याचा सुमारे सात टक्के भाग अशा मोठ्या, एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या प्रतींचा निघाला. पहिल्या गुणसूत्रावरील ‘नॉच-२-एनएल’ ही जनुके त्यांपैकीच. ‘नॉच-२’ची ही अर्धवट प्रत गोरिला, चिंपांझी आणि माणूस यांच्या सामाईक पूर्वजात निघाली, पण ती निकामी होती व गोरिला आणि चिंपांझी यांच्यात आजही तशीच पडून आहे. माणसाच्या वंशात तीन-चार दशलक्ष वर्षांपूर्वी मूळ जनुकाच्या क्रमाने तिची दुरुस्ती झाली, ती पुन्हा चालू झाली आणि तिच्या आणखी प्रती निघाल्या. मेंदूच्या बाह्यकाच्या मूळपेशी लवकर परिपक्व न होता अधिक काळ विभागत राहाव्यात, यासाठी त्या कारणीभूत असल्याचे २०१८ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवले. या प्रती एकमेकींशी इतक्या सारख्या आहेत की बीजपेशी बनताना गुणसूत्रांची जुळणी त्यांच्या जागी सरकते, आणि काही बालके मधला तुकडा गमावून, तर काही तो दुप्पट होऊन जन्माला येतात : पहिल्यांच्या डोक्याचा घेर नेहमीपेक्षा लहान राहतो, दुसऱ्यांचा मोठा.